थोरल्या जावयाची दाढी

दर रविवारी सकाळी डेअरीला दूध घालून आले की मी आमच्या म्हाताऱ्याची दाढी करते. अंगणात खुर्ची, गळ्याभोवती जुना पंचा, शेजारी गरम पाण्याचा तांब्या. गडावर निघालेली पुण्याची पोरंपोरी रस्त्यावर थांबून बघतात. मागं एकीनं विचारलं, "आजी, फोटो काढू?" मी म्हटलं, "मला काय विचारतीस? गाल त्यांचा हाय." ह्यांच्या तोंडाला फेस होता, त्यामुळं त्यांना बोलता आलं नाही. आठवड्यातनं तेवढा पाऊण तास मला उलट उत्तर मिळत नाही.

गावातल्या बाया म्हणतात, म्हातारपणी काय हे लाड! लाड नाहीत ते. मी हे का करते, ते पंचेचाळीसच्या वर वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या उन्हाळ्यात नातवाच्या लग्नात सांगावं लागलं, तेही घर भरलेलं असताना. आता सांगितलंच आहे तर लिहूनही ठेवते. नाहीतर आमच्याकडं एखादी गोष्ट चार तोंडांतून गेली की तिची पोथी होते. ह्या गोष्टीची एकदा झालीच होती.

आमचे हे रंगानं सावळे. हाताचे तळवे भाताच्या चिखलात राबून ढेकळासारखे. पण गालाची आणि गळ्याची कातडी मात्र तान्ह्या पोराची. त्यात केस राठ आणि वळणाचे. मुळापासून कापला की केसाचं टोक वाकून परत कातडीतच शिरतं, आणि तिथं फोड येतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा ते एकट्या ह्यांना माहीत होतं. म्हणून ते महिन्यातनं एकदा कात्रीनं दाढी बारीक करून घ्यायचे आणि सुखानं राहायचे. गडाखालच्या, गुंजवण्याच्या अंगाच्या आमच्या गावात कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते नव्या सुनेला.

नवी सून म्हणजे मी. एकोणीस वर्षांची, सातवी पास, माहेर कामथडी. कामथडीवरून पुणे-सातारा रस्ता जातो, आणि तो जणू मीच बांधला असल्यासारखी मी सासरी वागायचे. सासरी दिवसातनं एक एसटी यायची, पावसाळ्यात तीही चिखल बघून मागं फिरायची. मी सासूबाईंना सांगायचे, "आमच्याकडं दर घटकेला गाडी हाय." सासूबाई म्हणायच्या, "मग इतक्या गाड्या सोडून तू हितं कशी आलीस गं?" तेव्हा राग यायचा. आता वाटतं, ती बाई माझ्याच जातकुळीची होती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलं. नवरामुलगा पुण्यात कारखान्यात, गाल घासलेल्या तांब्यासारखे. सुपारी फुटली तेव्हा आमचे हे त्याच्या शेजारी बसले होते, दाढीत गवताची एक काडी अडकलेली. माझी एक मैत्रीण कानाशी लागून म्हणाली, "तुझा नवरा गडावनं आत्ताच खाली उतरल्यावानी दिसतोय गं." आज कुणी असं म्हटलं तर मी त्याला चहा पाजीन. तेव्हा मी मोरीत जाऊन रडले.

त्यात आमच्याकडची रीत अशी की, आंतरपाट धरायचा मान थोरल्या जावयाचा. म्हणजे मंगलाष्टकं होईपर्यंत सगळा मांडव ह्यांच्याच तोंडाकडं बघणार. सासुरवाडीचा हा पहिलाच मान म्हणून ह्यांनी पांढरा सदरा शिवून घेतला होता. भोरच्या बाजारातनं स्वतः कापड आणलं होतं. ते सदऱ्याच्या विचारात होते, आणि मी दाढीच्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कामथडीला मी ह्यांना घरामागच्या न्हाणीत गाठलं. हातात माझ्या वडिलांचं दाढीचं यंत्र.

"दाढी करा. गुळगुळीत."

"मला मानवत न्हाई गं. कात्री लावतो की बारीक."

"कुनाला वांगं मानवत न्हाई, कुनाला आंबट मानवत न्हाई. दाढी न मानवायला ती काय वांगं हाय?"

माझी हुशारी बघा. ह्या वाक्यावर मी दिवसभर खूश होते.

वडील एकच पातं दोन-दोन महिने वापरायचे. बोथट झालं की काचेच्या पेल्यात आतून घासायचे आणि परत लावायचे. ते पातं, गार पाणी आणि धुण्याचा साबण. ह्यांनी वरून खाली असा एकदा हात फिरवला आणि थांबले. मी गालावरनं बोटं फिरवली. खरखर लागली.

"काटं लागत्यात अजून. द्या हिकडं."

बाईमाणसानं पुरुषाच्या दाढीला हात लावायचा, हे तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. पण न्हाणीला गोणपाटाचा पडदा होता, आणि मी कामथडीची. मी समोर उभी राहिले, हनुवटी धरली आणि खालून वर, केसाच्या उलट, दुधाच्या पातेल्याची खरवड काढतात तसं ओढत गेले. एकदा, दोनदा, तीनदा. साबण वाळला होता तरी ओढत होते. हे न्हाणीच्या दगडाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. "झालं का?" एवढंच दोनदा विचारलं. मग मी तुरटी घासली, चांगली दाबून. मग माझ्या रुखवतातला स्नो चोळला. वर पावडर.

"बघा आरशात. सायबावानी दिसताय!"

ह्यांनी बघितलं. "व्हय," म्हणाले, "दुसराच कुनीतरी दिसतुया."

दुपारी हळद होती. बहीण आणि तिच्या मैत्रिणी "दाजी, दाजी" करत धावून आल्या आणि दोन्ही गालांना, गळ्याला मूठ-मूठ ओली हळद फासली. हे हसत होते, पण मान मागं घेत होते. मला वाटलं, नखरे. मग वैशाखाच्या उन्हात मांडवाचे डहाळे बांधायला शिडीवर चढले ते संध्याकाळी उतरले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि मी ह्यांचं तोंड बघितलं. गाल सुजलेले, गळा लालभडक, आणि केसाकेसाच्या मुळाशी पांढऱ्या डोक्याचा एकेक फोड. डोळ्यांखालची कातडीसुद्धा फुगलेली. अंग थोडं गरम. मी काही बोलायच्या आत माझी थोरली चुलती पाण्याची घागर घेऊन आत आली. तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते. तिनं ह्यांच्याकडं बघितलं, घागर खाली ठेवली आणि हात जोडले.

"आली गं माय! लग्नघरात आली!"

आता हे नव्या पिढीला सांगायला हवं. देवीचा रोग तेव्हा नुकताच सरला होता, पण वण असलेली तोंडं गावोगाव होती. कांजण्या असोत, गोवर असो, अंगावर काहीही उठलं की बाया आधी हात जोडायच्या, औषधाचं नाव नंतर. घरात माय आली की फोडणी बंद, तळण बंद, कात्री-वस्तरा बंद. आजाऱ्याला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि सातव्या दिवशी पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घालायची. आणि आमच्या परसात चुलाणावर बुंदीची कढई चढलेली होती.

"तळान थांबवा," चुलती म्हणाली. "तळलं तर माय कोपंल."

"न्हाई तळलं तर वऱ्हाड कोपंल," वडील म्हणाले. "त्यांना काय दहीभात वाढू?"

पाच-सहा जणी आणि वडील असे घासाघीस करत होते. मधोमध हे बसलेले, पांढरा सदरा घडीचा मांडीवर. शेवटी चुलतीनंच तोड काढली. ओढ्यापलीकडं रानात आमचा म्हशींचा गोठा होता. ओढा ओलांडला की घर संपलं. जावयाला तिकडं ठेवायचं, म्हणजे मायचा मान गोठ्यात आणि लग्न मांडवात, कुणाला कुणाची अडचण नाही.

एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. "देवी न्हाई ती, म्या दाढी केलीया." एवढंच म्हणायचं होतं. बाईनं लग्नघरात दाढीचं पातं हातात धरलं म्हणून मला बोलणी बसली असती, हे खरं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला तेच कारण सांगत आले. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. सुपारीतली ती मैत्रीण आणि तिच्या जोडीच्या आणखी दोघी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या असत्या.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बुंदीच्या कढईकडं बघितलं. मग ते उठले, सदरा माझ्या हातात दिला आणि घोंगडी खांद्यावर टाकली.

"जातो म्या. म्हशीसंगं बरं वाटंल."

बाया वाटेतनं बाजूला झाल्या. चुलतीनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि ज्या पोरी आदल्या दिवशी त्यांना हळद फासत होत्या, त्या वाकून पाया पडल्या. मीही पडले. सगळ्या पडत होत्या, मग मी कशी मागं राहणार? आदल्या दिवशी ज्या माणसाची कातडी सोलली, त्याच्या पायांवर दुसऱ्या दिवशी देवी म्हणून डोकं ठेवणारी बाई मी तरी दुसरी बघितली नाही.

दुपारी दहीभाताचं ताट घेऊन मला गोठ्यावर पाठवलं. तिथं एक म्हातारा बसला होता. तो उन्हाळ्यात गावोगाव फिरून म्हशी भादरायचा, म्हणजे वस्तऱ्यानं त्यांच्या अंगावरचे केस काढायचा. लग्नाच्या आधी म्हशी भादरून घ्यायला वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, आणि तो एक दिवस उशिरा उगवला होता. एक म्हैस नखशिखांत भिजवून तो शेजारी स्वस्थ विडी ओढत होता. हे पलीकडं पाल्यावर बसून बघत होते.

"बाबा, बसलाय काय? भादरा की," मी उगाच बोलले. दुसऱ्याला कामाला लावायची सवय.

"भिजू दे की, पोरी. कोरड्या केसाला वस्तरा लावायचा म्हंजी भांडान उकरून काढायचं."

विडी संपल्यावर तो उठला. परत एकदा पाणी मारलं. मग वस्तरा न घेता नुसता तळवा तिच्या अंगावरनं फिरवला. ह्यांना म्हणाला, "आधी केस कुठं निजलाय ते बघायचं, पाव्हणं. हितं खाली निजलाय. हितं मानंला आडवा वळतुया. तो निजलाय तसाच वस्तरा न्यायचा. निजल्याला उठवायचं न्हाई." डाव्या हातानं कातडी अशी धरायची की ताणली जावी पण ओढली जाऊ नये. वस्तरा टेकवायचा, दाबायचा नाही. चार हात झाले की वस्तरा पाण्यात बुडवायचा, पुसायचा, चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा मारायचा. एकदा जिथून वस्तरा गेला तिथं परत जायचं नाही. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती.

"मागं थोडं ऱ्हायलं की, बाबा," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. हिला काय मांडवात मिरवायचंय?"

मग त्याचं लक्ष ह्यांच्या तोंडाकडं गेलं. उठून जवळ आला, हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडं वळवलं.

"पाव्हणं, ही माय न्हाई. ही दाढी हाय. उलटी केल्याली."

मी ताटावरचा पदर सारखा करत होते.

"कुनी केली?"

"म्याच केली, बाबा," हे म्हणाले. "घाईत."

म्हातारा हसला. "स्वताची दाढी मानूस आशी करत न्हाई. ही समोर उभं ऱ्हाऊन केलीया." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही हाय ना पोरी, हिला जरा लागलं तर पाय झाडती. माज्या नडगीवर वळ बघ. तिनं पाय झाडला की मला कळतं, माजं चुकलं. तुजा नवरा पाय झाडत न्हाई, म्हून त्याला आसं सोलायचं व्हय?"

मी खाली बघतच ताट ह्यांच्यापुढं ठेवलं.

"मी जातो मांडवात," तो म्हणाला. "सांगतो समद्यांस्नी. मुहूर्ताला अजून लई येळ हाय. गार पान्याचं फडकं ठेवलं तर सांजपत्तुर थोडं उतरंल बी. करू का तसं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सकाळी बघितलं तसंच. त्यांच्या तोंडावर आशा होती, हे मला आता, म्हातारपणी, लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हाही दिसलं असणार.

मी म्हटलं, "नको, बाबा. आता चुलतीनं ठरवलंय. उगं घोळ नको."

हे मी बोलले. तिथं ना मैत्रिणी होत्या, ना चुलती. एक म्हातारा, एक म्हैस आणि ज्याचं तोंड जळत होतं तो माणूस. सकाळच्या गप्प बसण्याला निदान गर्दी तरी होती.

ह्यांनी ताट पुढं ओढलं. "बुंदी झाली का गं चांगली?" एवढंच विचारलं.

आंतरपाट चुलतीच्या जावयानं धरला. मी अक्षता टाकल्या, फोटोला उभी राहिले. स्नो मलाही लावला होता. मंगलाष्टकं ओढ्यापलीकडं ऐकू जात असतील का, असं मध्येच मनात आलं. वारा त्याच अंगाला होता. मग वाजंत्री सुरू झाली आणि मी ते विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

फोड चौथ्या दिवशीच बसायला लागले होते, पण मायचा नेम सात दिवसांचा. सात दिवस हे गोठ्यात राहिले. नवा सदरा मी घडी घालून तसाच सासरी आणला.

माझ्या बहिणीचा संसार चांगला झाला. नवऱ्याची नोकरी टिकली, पोरं शिकली. तिनं मनात घट्ट धरलं की, लग्नाला प्रत्यक्ष माय येऊन दाजींच्या अंगी बसली होती, तिचाच हा आशीर्वाद. दरवर्षी लग्नाच्या तिथीला ती दहीभाताचा डबा घेऊन पुण्याहून इकडं यायची, ह्यांना पाटावर बसवायची, निवद दाखवायची आणि खायला लावायची. तिला जमलं नाही तर पोराबरोबर डबा यायचा. तिच्या पोरांना, माझ्या पोरांना, सुनांना, सगळ्यांना ती गोष्ट पाठ. मी शेजारी बसून मान डोलवायचे. एकदा तर मीच सांगितलं, की तेव्हा ह्यांच्या तोंडावर तेज चढलं होतं. कुठलं तेज, तर ती सूज.

आणि दाढी? कामथडीहून परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी बाजारातनं नवं पातं आणलं, पाणी गरम केलं आणि ह्यांना म्हटलं, बसा. माझ्या हातातलं यंत्र बघून त्यांनी पाट मागं सरकवला. मी म्हटलं, नुसतं भिजवते आज. त्या दिवशी खरंच नुसतं भिजवलं. गरम पाण्याचं फडकं गालावर ठेवलं, आणि केस कुठं निजलाय ते बोटांनी बघत बसले. उजव्या गालावर सरळ खाली. डाव्या जबड्याखाली कानाकडं. गळ्याच्या मध्ये भोवरा आहे, तिथं पातं लावायचंच नाही, कात्री लावायची. पुढच्या आठवड्यात पहिला हात फिरवला. फेस भरपूर, हात हलका, एकदाच. राहिलं तर राहू दे. नंतर गार पाणी, टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. तुरटी नाही, स्नो नाही, वाटलंच तर खोबरेल तेलाचं एक बोट. आठवड्यातनं एकच दिवस. तेव्हापासून एकही फोड आला नाही.

पण तोंडानं मी काही बोलले नाही, आणि ह्यांनीही काही विचारलं नाही.

आता ह्या उन्हाळ्याचं. नातवाचं लग्न. तो शिरवळच्या कारखान्यात आहे, आणि आजोबांची कातडी मुलाला सोडून थेट त्याच्याकडं आली आहे. लग्नाला पाच दिवस राहिलेले. पोरानं मोबाईलवर बघून पाच पात्यांचं यंत्र मागवलं, जेल मागवलं आणि नवरदेव म्हणून सलग तीन दिवस गुळगुळीत दाढी केली, उलटसुलट. चौथ्या दिवशी सकाळी माजघरात येऊन उभा राहिला तर गळा लाल, गालभर फोड. माझी बहीण आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली होती. तिनं चष्मा लावला, त्याच्याकडं बघितलं आणि हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"आली गं बाई! परत आली! आक्का, बघ!"

"मावशीआज्जी, हे दाढीनं झालंय," नातू म्हणाला.

"आसंच वाटतं आधी. तुज्या आज्जाला बी आसंच झालं व्हतं. सुनबाई, कढई उतर. ह्याला हळद लावायची न्हाई. सात दिस."

"सात दिवस? मावशी, परवा लग्न हाय!" सून म्हणाली.

"मग पुढं ढकला. माय आलीया दारात, तिला काय थांब म्हनायचं? माज्या लग्नात तिचा मान राखला म्हून माजं चांगलं झालं. इचार तुज्या सासूला!"

माझा मुलगा भिडस्त. मावशीपुढं त्याचं काही चालत नाही. त्यानं खिशातनं मोबाईल काढला आणि विचारलं, "मग व्याह्यांना फोन करू का?" सून पदरानं डोळे पुसायला लागली. नातू माझ्याकडं बघत होता. अगदी तसंच तोंड, तसाच गळा, आणि बघणंही तेच. कोपऱ्यात खुर्चीवर आमचे हे बसलेले. ते मात्र माझ्याकडं बघत नव्हते. त्यांना सवय झाली असावी.

मी म्हटलं, "फोन ठेव."

मग सगळं सांगितलं. न्हाणी, गोणपाट, धुण्याचा साबण, खालून वर तीनदा. गोठ्यातला म्हातारा काय म्हणाला आणि मी त्याला काय म्हणाले, तेही. पहिल्यांदा सगळे हसले, कारण मी कायम चेष्टा करते, त्यांना वाटलं ही त्यातलीच. "न्हाई गं," मी बहिणीला म्हटलं, "देवी कधीच आली नव्हती. मी आले होते."

बहिणीनं चष्मा काढला, पदरानं पुसला. मग हळू आवाजात म्हणाली, "मग मी इतकी वरसं निवद दावला तो कुनाला?"

"मला," कोपऱ्यातनं हे म्हणाले. "आन म्या खाल्ला. दही लई चांगलं लावतीस तू."

परत सगळे हसले. बहीण हसली नाही. "दाजी, तुमाला ठावं व्हतं?"

"माजीच दाढी ती. मला ठावं नसंल तर कुनाला?"

"मग तवाच बोलला का न्हाई?"

ह्यांनी हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. "हिचं माहेर व्हतं ते. म्या दोन दिसाचा पाव्हणा. हिला तिथं जल्मभर जायचं व्हतं." मग काहीतरी किरकोळ आठवल्यासारखं म्हणाले, "अक्षता टाकल्या म्या बी. मंगलाष्टकं ऐकू येत व्हती. तांदूळ नव्हतं, म्हून दहीभाताची शितं टाकली, मांडवाकडं त्वांड करून. म्हशीनं चाटून खाल्ली."

मी गरम पाणी आणते म्हणून आत गेले. पाणी कुणालाच नको होतं.

नातवाला मी दोन दिवस दाढीला हात लावू दिला नाही. गार पाण्याचं फडकं, आणि बाकी काही नाही. हळद लावली ती हातापायांना, तोंडाला नाही. बोहल्यावर तो बारीक दाढीनं उभा राहिला. हल्ली तीच फॅशन आहे म्हणे, कुणी काही बोललं नाही. बहिणीनं मांडवात हट्ट धरला की आंतरपाट दाजींनी धरायचा, राहिलेला मान आता घ्यायचा. ह्यांनी हात पुढं करून दाखवले. "थरथर बघ. फडकं हलंल आन पोराला नवरी आधीच दिसंल." धरला नाही. ट्रंकेतला तो पांढरा सदरा मी बाहेर काढला होता, तो आता त्यांना खांद्यात होत नाही. मी तो परत ठेवला.

लग्नानंतरच्या रविवारी अंगणात खुर्ची ठेवली. पंचा, तांब्या, फेस. बोटांनी केस बघितला, पातं टेकवलं. माझी नजर आता पहिल्यासारखी नाही, गळ्यातल्या भोवऱ्याच्या कडेला पातं किंचित अडकलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी पाय झाडला. चांगला जोरात. तांब्या कलंडला, गरम पाणी अंगणभर झालं.

मी बघतच राहिले. फेसाच्या आत मिशी हलत होती. हसत होते की लागलं होतं, कळेना.

"लागलं व्हय?" मी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले.

मी तांब्या उचलला आणि पाणी आणायला आत गेले.